ठिबक चालतंय, पण पाणी किती पडतंय?

भाजीपाल्याच्या ठिबकाबद्दल आणि ठिबकातून खत सोडण्याबद्दल आलेल्या पत्रांतली काही इथे घेतली आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : उन्हाळी टोमॅटो, एक एकर. बेडवर मल्चिंग पेपर, त्याखाली इनलाइन ठिबक. दोन लॅटरलमधलं (ड्रिपर असलेल्या नळ्यांमधलं) अंतर चार फूट, ड्रिपर ४० सेंमीवर, ताशी २ लिटरचे. जमीन मध्यम काळी. शेजारी म्हणतात रोज दोन तास चालवा, दुकानदार म्हणतात दिवसाआड तीन तास. नेमकं काय करावं? — वाचक, नारायणगाव (ता. जुन्नर)

उत्तर : दोघांनीही तास सांगितले, पण तासाला पाणी किती पडतं ते कुणी मोजलं नाही. आधी तो हिशेब करू. चार फूट म्हणजे १.२ मीटर. एका ड्रिपरच्या वाट्याला १.२ गुणिले ०.४, म्हणजे ०.४८ चौरस मीटर जमीन येते आणि तिथे तासाला २ लिटर पाणी पडतं. म्हणजे तासाला ४.२ मिलिमीटर. एकरात साधारण ८,४०० ड्रिपर बसतात, त्यामुळे तासाला पावणेसतरा हजार लिटर पाणी जातं. एकरभर एक मिलिमीटर पाणी म्हणजे ४,००० लिटर, हा आकडा लक्षात ठेवला की पुढचं गणित तोंडी होतं.

आता पिकाची गरज. आपल्याकडे मार्च-एप्रिलमध्ये बाष्पीभवन पात्रातलं पाणी दिवसाला साधारण ८ मिमी उडतं. त्याला पात्राचा गुणांक ०.७ लावायचा आणि मग पिकाचा गुणांक. रोप लहान असताना तो ०.५ च्या आसपास आणि फळं लागल्यावर १.१ धरावा. ठिबकाची कार्यक्षमता ९० टक्के धरली तर लहान रोपाला दिवसाला ३.१ मिमी पाणी लागतं, म्हणजे ४५ मिनिटं. भर फळात ६.८ मिमी, म्हणजे एक तास चाळीस मिनिटं. डिसेंबरमध्ये बाष्पीभवन ४ मिमीवर येतं, तेव्हा भर फळातल्या पिकालाही ५० मिनिटं पुरतात.

म्हणजे लागवडीनंतर पहिल्या महिन्यात शेजाऱ्यांचे दोन तास अडीचपटीहून जास्त होतात. ते पाणी मुळांच्या खाली जातं आणि जाताना युरिया घेऊन जातं. मग पानं पिवळी दिसतात आणि आपण आणखी खत सोडतो. दुकानदारांचा सल्ला रोजच्या सरासरीने बरा आहे, पण भर फळात आणि उन्हाच्या कडाक्यात दिवसाआड पाणी नको. एकदम तीन तास दिल्याने काही पाणी मुळांखाली उतरतं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी झाड ताणावर जातं. रोज द्या. हलक्या मुरमाड जमिनीत तर तेवढंच पाणी सकाळी आणि दुपारी विभागून द्यावं लागतं.

हे सगळं ड्रिपर खरोखर दोन लिटर देत असेल तरच खरं. ते तपासायला पैसे लागत नाहीत. औषधाचं मापाचं झाकण किंवा मोजपात्र ड्रिपरखाली तीन मिनिटं धरा. १०० मिली आलं पाहिजे. एका लॅटरलवर सुरुवातीला, एक तृतीयांशावर, दोन तृतीयांशावर आणि शेवटी, असं चार लॅटरलवर मोजा. या सोळा मापांतल्या सगळ्यात कमी चार मापांची सरासरी एकूण सरासरीच्या ९० टक्के आली तर संच उत्तम. ८० च्या खाली गेली तर मिनिटांचा हिशेब बाजूला ठेवून आधी दाब आणि ड्रिपर बघा. १६ मिमीची लॅटरल या अंतराला ६० ते ७० मीटरच्या पुढे ओढली असेल तर शेवटच्या झाडांना कमी पाणी जाणारच.

शेवटी फावडं. दोन ड्रिपरच्या मधोमध पेपर थोडा उचलून अर्धा फूट खणा आणि माती मुठीत दाबा. गोळा झाला, तळवा नुसता ओलसर लागला आणि गोळा वर उडवून झेलल्यावर फुटला, तर वाफसा आहे. बोटांमधून पाणी आलं तर दहा मिनिटं कमी करा. दोन्ही ड्रिपरचे ओले पट्टे एकमेकांना भिडलेले दिसायला हवेत. मध्ये कोरडी माती राहत असेल तर तुमच्या जमिनीला ४० ऐवजी ३० सेंमीची नळी हवी होती.

प्रश्न : संकरित टोमॅटोला ठिबकातून कोणतं खत, किती आणि कधी? प्रत्येक दुकानात वेगळं वेळापत्रक मिळतं. — वाचक, सासवड

उत्तर : वेळापत्रकं वेगळी असतात कारण त्यातल्या पिशव्या वेगळ्या विकायच्या असतात. मूळ आकडा एकच धरा. महात्मा फुले कृषी विद्यापीठाची संकरित टोमॅटोसाठी शिफारस हेक्टरी ३००:१५०:१५० किलो नत्र, स्फुरद, पालाश अशी आहे. एकराला ती १२०:६०:६० होते. खत ठिबकातून थेट मुळाशी जात असल्याने ८० टक्के मात्रा धरून चाला : ९६:४८:४८. माती परीक्षणात पालाश भरपूर निघाला तर तो आणखी कमी करा.

निम्मा स्फुरद बेड भरताना सिंगल सुपर फॉस्फेटमधून द्या. ५० किलोच्या तीन गोण्या पुरतात. विद्राव्य खतातला स्फुरद महाग पडतो आणि सगळाच्या सगळा नळीतून देण्याची गरज नाही. उरलेला हिशेब असा बसतो (१२:६१:० सारखे आकडे म्हणजे खतातल्या नत्र, स्फुरद, पालाशचे टक्के) : १२:६१:० चाळीस किलो, पांढरा पोटॅश चाळीस किलो, १३:०:४५ चोपन्न किलो, कॅल्शियम नायट्रेट चाळीस किलो आणि युरिया १७० किलो.

लागवडीनंतर दहाव्या दिवसापासून आठवड्यातून दोनदा, असे सव्वीस हप्ते. पहिले सात हप्ते, म्हणजे साधारण पस्तिसाव्या दिवसापर्यंत, १२:६१:० पावणेसहा किलो आणि युरिया ५ किलो. या काळात मुळं आणि फुटवा बांधायचा असतो. पुढचे दहा हप्ते युरिया ८ किलो आणि पांढरा पोटॅश ४ किलो. शेवटचे नऊ हप्ते युरिया ६ किलो आणि १३:०:४५ सहा किलो. फुलकळी दिसू लागली की कॅल्शियम नायट्रेट ५ किलो, आठवड्यातून एकदा, आठ वेळा. पण त्यासाठी वेगळा दिवस ठेवा, दुसऱ्या कोणत्याही खताबरोबर नाही.

ही शेवटची अट मोडली की संच बंद पडतो. कॅल्शियम आणि स्फुरद एकत्र आले की कॅल्शियम फॉस्फेटचा पांढरा साका होतो, कॅल्शियम आणि सल्फेट एकत्र आले की जिप्सम. दोन्ही ड्रिपरच्या वळणांत जाऊन बसतात. १३:०:४५ आणि कॅल्शियम नायट्रेट यांचं मात्र जमतं. शंका वाटली तर काचेच्या बाटलीत तुमचंच पाणी घेऊन ड्रममधल्या प्रमाणात दोन्ही खतं कालवा आणि अर्धा तास ठेवा. पाणी गढूळ झालं तर ते मिश्रण ड्रममध्ये नको.

पाणी खारट असेल तर पांढऱ्या पोटॅशऐवजी ०:०:५० (सल्फेट ऑफ पोटॅश) घ्या, कारण पोटॅशमध्ये क्लोराइड असतं. फक्त ०:०:५० पाण्यात कमी विरघळतं. लिटरला ५० ते ६० ग्रॅमच्या पुढे जाऊ नका, नाहीतर ड्रमच्या तळाला खडे राहतात. आणि थंडीत आधी पोटॅश विरघळवा, युरिया नंतर. युरिया विरघळताना पाणी इतकं गार होतं की ड्रमला बाहेरून घाम येतो, आणि गार पाण्यात पोटॅश विरघळायला तयार नसतो.

प्रश्न : डीएपी रात्रभर भिजवून, गाळून ठिबकातून सोडलं तर चालेल का? — वाचक, मंचर

उत्तर : नाही. दाणेदार डीएपीत न विरघळणारा गाळ असतो आणि फडक्यातून गाळला तरी बारीक कण खाली जातातच. शिवाय डीएपीचं द्रावण विम्लतेकडे झुकतं, त्यामुळे विहिरीच्या पाण्यातल्या कॅल्शियमबरोबर लगेच साका धरतो. डीएपी बेडमध्ये मातीत द्या.

प्रश्न : व्हेंच्युरी खत ओढत नाही. कधी कधी तर उलट ड्रममध्येच पाणी येतं. नवी बसवली, तरी तेच. — वाचक, चाकण परिसर (ता. खेड)

उत्तर : व्हेंच्युरी म्हणजे ड्रममधलं खत ठिबकाच्या पाण्यात ओढून घेणारा अरुंद गळ्याचा जोड. तिच्यात फिरणारा भाग नसतो, त्यामुळे ती सहसा ‘बिघडत’ नाही. तिला दोन टोकांना दाबाचा फरक हवा असतो, तो मिळत नाही एवढंच. मेनलाइनला समांतर बायपासवर ती बसलेली असते आणि तिच्या दोन जोडांच्या मध्ये मेनलाइनवर एक व्हॉल्व्ह असतो. तो हळूहळू बंद करत न्या. आत येणारा दाब दीड किलो असेल तर बाहेर जाणारा एक किलोच्या आसपास येईपर्यंत दाबत जा. कुठेतरी नळी गुरगुरायला लागते आणि ड्रममधली पातळी उतरू लागते. त्या जागी व्हॉल्व्हच्या दांड्यावर रंगाची खूण करून ठेवा.

पाणी उलट येतं म्हणजे पुढे कोंडी आहे : पुढचा डिस्क फिल्टर भरलेला, नाहीतर व्हेंच्युरीच्या बाहेरचा छोटा व्हॉल्व्ह अर्धवट बंद. आधी फिल्टर धुवा. पाणी उलट येत नाही पण ओढतही नाही, अशी तक्रार असेल तर मूळ दाबच कमी असतो. एकाच वेळी दोन प्लॉटचे व्हॉल्व्ह उघडे असतील तर एक बंद करा. ५ अश्वशक्तीच्या पंपावर खोल विहिरीतून एकरभर ड्रिपर एकदम चालवणं काठावरचं असतं, अर्ध्या अर्ध्या एकराचे दोन भाग केले की फरक लगेच दिसतो. बाकी किरकोळ कारणं : बाण उलट्या दिशेला, खत ओढणाऱ्या नळीचा जोड हवा घेतोय, तळाच्या जाळीत गाळ, आतली गोळी चिकटलेली.

जागाही बघा. सँड फिल्टर, मग व्हेंच्युरी, मग डिस्क किंवा जाळीचा फिल्टर, असा क्रम हवा. सगळ्या फिल्टरांच्या पुढे व्हेंच्युरी बसवलेली आम्ही बऱ्याच शेतांवर पाहतो. तिथे न विरघळलेला खडा सरळ ड्रिपरात जातो. आणि खत सोडताना लाईट गेली तर पाणी विहिरीत मागे येतं, त्याबरोबर ड्रममधलं खतही. पंपाजवळ नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह नसेल तर व्हेंच्युरी चालवू नका, विशेषतः त्या विहिरीचं पाणी घरी पीत असाल तर.

खत सोडण्याची वेळ अशी बसवा : ४५ मिनिटांच्या पाळीत पहिली दहा मिनिटं नुसतं पाणी, म्हणजे सगळ्या नळ्या भरून दाब स्थिर होतो. मग २० ते २५ मिनिटं खत. शेवटची दहा-पंधरा मिनिटं पुन्हा साधं पाणी. पाळी लांब असेल तर सुरुवातीचं साधं पाणी वाढवा, खत शेवटच्या टप्प्यातच राहू द्या, म्हणजे ते मुळांजवळ थांबतं. तुमची व्हेंच्युरी किती ओढते ते दहा लिटरच्या बादलीवर घड्याळ लावून मोजा. पाच मिनिटांत बादली संपली तर तासाला १२० लिटर. मग एका पाळीचं खत ५० लिटर पाण्यात कालवायचं, २०० लिटरचा ड्रम भरायचा नाही.

प्रश्न : बोअरचं पाणी. तीन वर्षांत निम्मे ड्रिपर बंद. ॲसिड सोडावं असं सांगतात, पण किती ते कुणी सांगत नाही. — वाचक, शिरूर

उत्तर : आधी काय अडकलंय ते बघा. बंद पडलेला ड्रिपर नळीसकट कापून उभा चिरा. आत पांढरट, खरखरीत थर असेल तर त्यावर ॲसिडचा थेंब टाका. फसफसलं तर चुन्याचा क्षार, त्याला आम्ल प्रक्रिया लागू पडते. बुळबुळीत, हिरवट किंवा काळपट पातळ थर असेल तर शेवाळ आणि जिवाणू. त्यांना ॲसिडने फारसा फरक पडत नाही, क्लोरीन लागतं. वाळू निघाली तर दोन्ही नको. बोअरवर हायड्रोसायक्लोन (वाळू वेगळी करणारा फिल्टर) बसवा.

ॲसिडचं प्रमाण तुमच्या पाण्यावर ठरतं, म्हणून ते दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही. बादलीत दहा लिटर बोअरचं पाणी घ्या. त्यात बाजारातलं हायड्रोक्लोरिक ॲसिड एकेक मिली टाकत, ढवळत, सामूचा (पीएचचा) कागद बुडवून बघा. सामू ४ वर आला की थांबा. समजा ८ मिली लागलं, तर लिटरला ०.८ मिली. वरच्या पहिल्या उत्तरातल्यासारखा संच तासाला १६,८०० लिटर पाणी देत असेल तर पंधरा मिनिटांत ४,२०० लिटर जातं, त्याला साधारण ३.४ लिटर ॲसिड. ते प्लॅस्टिकच्या बादलीतल्या पाण्यात ओता. कायम पाण्यात ॲसिड, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही. हातमोजे आणि चष्मा हवाच. व्हेंच्युरीतून पंधरा मिनिटांत सोडा. सगळ्यात लांबच्या लॅटरलच्या शेवटच्या ड्रिपरखाली कागद धरा. तिथेही ४ दिसलं की पंप बंद. २४ तास तसंच ठेवा. दुसऱ्या दिवशी आधी सबमेनचे (लॅटरलना पाणी देणाऱ्या मोठ्या नळीचे) फ्लश व्हॉल्व्ह आणि मग पाच-पाच लॅटरलच्या एंड कॅप उघडून धुवा. सुरुवातीला तांबूस, मग दुधाळ पाणी येतं. नितळ येईपर्यंत चालू द्या आणि ते बेडबाहेर काढा.

शेततळं किंवा कालव्याचं पाणी असणाऱ्यांना शेवाळासाठी : त्याच ४,२०० लिटरला २० पीपीएम (लिटरला २० मिलिग्रॅम) क्लोरीन लागतं, म्हणजे ३० टक्के क्लोरीनची ब्लिचिंग पावडर २८० ग्रॅम. आदल्या रात्री बादलीत भिजवा आणि सकाळी फक्त वरचं नितळ पाणी घ्या, खालचा चुना फेका. बाकी कृती तीच. ॲसिड आणि ब्लिचिंग एका दिवशी, एका बादलीत कधीही नाही. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. क्लोरीन सोडताना खतही नको.

पूर्ण बंद झालेला ड्रिपर कशानेच उघडत नाही. अर्धवट चालणाराच उघडतो. तुमचे निम्मे बंद असतील तर प्रक्रियेनंतर पुन्हा मोजमाप करा आणि ८० टक्के भरत नसेल तर नळी बदला. पुढे दर दोन-तीन महिन्यांनी प्रक्रिया आणि दर पंधरवड्याला एंड कॅप उघडून धुणं, एवढं ठेवलं तर क्षार घट्ट बसत नाही. नवी नळी अंथरताना ड्रिपरचं छिद्र वरच्या बाजूला ठेवा. गाळ तळाला बसतो, आणि पंप बंद झाल्यावर नळी माती आत ओढते. हे ओढणं टाळायला सबमेनच्या उंच जागी एअर व्हॉल्व्ह हवा. कोटेशन कमी करताना पहिल्यांदा त्याच्यावरच काट मारली जाते.

प्रश्न : कॅल्शियम नायट्रेट वेळेवर देऊनही टोमॅटोचं बूड काळं पडतंय. — वाचक, खेड शिवापूर

उत्तर : कॅल्शियम जमिनीत आहे, फळापर्यंत पोचत नाही. ते पाण्याबरोबरच वर चढतं. दोन दिवस ताण आणि तिसऱ्या दिवशी तुडुंब, असं झालं की फळाच्या टोकाला ते कमी पडतं. पाण्याची पाळी एकसारखी करा आणि युरिया महिनाभर निम्म्यावर आणा. काळी पडलेली फळं तोडून टाका, ती सुधारत नाहीत.

प्रश्न : मिरची उत्तम होती. वळवाचा एक पाऊस झाला आणि दोन दिवसांत ओळीच्या ओळी सुकल्या. पाऊस पडला म्हणून ठिबक बंदच होतं. मर रोग का? — वाचक, इंदापूर

उत्तर : मुळं उपटून बघा. खोड जमिनीलगत चिरल्यावर आत तपकिरी रेघ असेल, मुळं कुजलेली असतील तर मर. पांढरी मुळं शाबूत पण टोकं करपलेली असतील तर ते क्षाराचं काम आहे. तुमच्या भागातलं खारट पाणी उन्हाळाभर ठिबकाने दिलं की क्षार ओल्या पट्ट्याच्या कडेला साचतात. बेडच्या खांद्यावर पांढरी कड दिसते ती हीच. पहिला हलका पाऊस ती कड विरघळवून मुळांकडे ढकलतो. म्हणून पहिल्या एक-दोन पावसांत ठिबक बंद करायचं नसतं, उलट चालू ठेवायचं, म्हणजे क्षार बाहेरच्या बाजूला राहतात. दर मंगळवारी आणि शुक्रवारी येणाऱ्या कृषी हवामान सल्ल्यात पावसाचा अंदाज असतो, तो बघून पंपाची सोय ठेवा.

आता लगेच तीन दिवस खत थांबवा आणि नेहमीच्या दीडपट वेळ साधं पाणी द्या. पाण्याचा निचरा होत नसेल तर मात्र हा उपाय अंगावर येतो. आधी बेडमधल्या सऱ्या मोकळ्या करा.

प्रश्न : गच्चीवर ४५ कुंड्या-पिशव्यांत टोमॅटो, वांगी, मिरची. टाकी कुंड्यांपेक्षा जेमतेम दीड मीटर उंच. ठिबक चालेल का? खत टाकीतच टाकलं तर? — वाचक, कोथरूड

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी : नाही, अजिबात नाही. ते घरात वापरायचं पाणी आहे.

ठिबक चालेल, पण डब्यावर लिहिलेला आकडा मिळणार नाही. तो एक किलो दाबावरचा, म्हणजे दहा मीटर उंचीचा असतो. साध्या ड्रिपरचं पाणी दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतं, त्यामुळे दीड मीटरवर ४ लिटरचा ड्रिपर तासाला दीड लिटर देईल. तुम्हाला तेवढं पुरतं. उन्हाळ्यात चौदा इंची पिशवीतल्या टोमॅटोला दिवसाला दोन ते अडीच लिटर लागतं. सकाळी ४५ मिनिटं आणि दुपारनंतर ४५ मिनिटं. दाब नियंत्रित करणारे ड्रिपर घेऊ नका, ते इतक्या कमी दाबावर नीट चालत नाहीत. १६ मिमीची नळी कुंड्यांभोवती फिरवून तिची दोन्ही टोकं एकमेकांना जोडा, म्हणजे लांबच्या कुंडीलाही पाणी सारखं जातं. टाकीच्या तोंडाशी छोटा जाळीचा फिल्टर लावा. टायमर घेताना शून्य दाबावर चालणारा, बॉल व्हॉल्व्हचा मागा. सोलेनॉइडचा बऱ्याचदा टाकीच्या दाबावर उघडतच नाही आणि तुम्ही बाहेरगावी असताना ते कळतं.

खत आठवड्यातून एकदा झारीने, १९:१९:१९ लिटरला एक ग्रॅम. पिशवीखालून पाणी ओघळायला लागलं तर त्या पिशवीच्या ड्रिपरला छोटा नळ लावून तो पाच मिनिटं आधी बंद करा, नाहीतर खालच्या मजल्याची तक्रार येते.